जांभ्याचा आवाज

मंगळवारी दुपारी भिकाजीचा रेडा खाडीच्या बांधावर मेला, आणि त्यानंतर आरोंद्याच्या त्या खाजणाकडे, खाडीकाठच्या भातशेतीकडे, कोणी पाऊल टाकलं नाही.

सुभद्रा तेव्हा शेतात वाकून भाताचा तरवा लावत होती. आधी पायाखालचा चिखल हलला, मग आवाज आला. मान वर केली तर बांधावर काळा धूर होता. रेडा कडेच्या हिरवळीला तोंड लावायला उतरला होता, तो दिसतच नव्हता. त्याच्यामागून वीस पावलांवर येणारा भिकाजी बांधाच्या उतारावर आडवा झाला होता. त्याच्या मांडीत लोखंडाचे तुकडे घुसले होते. शेतातल्या चौघींनी मिळून त्याला चिखलातून ओढत घरी आणलं. बांधावरून आणायची हिंमत कोणाची झाली नाही.

बासष्ट सालचा जानेवारी महिना होता. गोव्यात लष्कर शिरून जेमतेम महिना झालेला. खाडीच्या पलीकडचे पोर्तुगीज गेले, इकडे लोकांनी पेढे वाटले, पण त्याआधीच्या धामधुमीत दोन्ही काठांवर अंधारातून कोण हिंडत होतं आणि कोणी काय पुरून ठेवलं, हे छातीवर हात ठेवून सांगणारा एकही माणूस गावात नव्हता. महिनाभर भिकाजी त्याच बांधावरून गेला-आला होता. त्याचं पाऊल नको तिथे पडलं नव्हतं, एवढंच.

खरी पंचाईत पुढेच होती. बांधाच्या दुसऱ्या टोकाला मानस होती. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात जे लाकडी दार बसवतात, त्याला मानस म्हणतात. दोन खांबांच्या खाचांत फळ्या एकावर एक सोडल्या की दार बंद. शेतातलं जादा पाणी उतरावं म्हणून भिकाजीने सोमवारी फळ्या काढल्या होत्या आणि आतल्या बाजूने उभं राहूनच पलीकडे, खाडीच्या अंगाला फेकून दिल्या होत्या. रोजच्या भरतीचं पाणी आतल्या चरातच राहायचं. पण शनिवारी पौषातली पुनव होती. पुनवेची भरती हातभर वर चढते. ती आत आली असती तर वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, सगळा तरवा खाऱ्यात गेला असता, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे धुऊन गेल्याशिवाय त्या जमिनीत भात उभं राहिलं नसतं. होडीने मानशीपर्यंत जाता आलं असतं, पण होडीतून उतरायचं तर पाय त्याच बांधावर ठेवायला लागणार होता.

सुभद्राचा नवरा बाबली बोटीवर खलाशी होता. तो मे महिन्यात यायचा. घरी ती आणि सासू हौसाबाई. वर्षाचं भात त्या खाजणातच होतं.

बुधवारी संध्याकाळी लष्कराची जीप आली. एक तरुण लेफ्टनंट साहेब, चार जवान आणि एक हवालदार. हवालदाराचं नाव सत्यवान पालव, गाव वैभववाडीच्या बाजूला, घाटाखाली. बोलायला आपला माणूस, म्हणून गावाला जरा धीर आला. त्याच्याजवळ सुरुंग शोधायचं यंत्र होतं: लांब दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी, कानांवर हेडफोन.

गुरुवारी उजाडल्यावर तो बांधावर चढला. चकती जमिनीपासून वीतभर वर धरून डावीकडून उजवीकडे फिरवायची, आवाज आला की थांबायचं, तिथे लाल फडक्याची काडी रोवायची, मग पोटावर झोपून लोखंडी सळई तिरकी खुपसत खाली काय आहे ते बघायचं. सुभद्रा आणि हौसाबाई बांधाच्या तोंडाशी बसून बघत होत्या. पहिली काडी दुसऱ्या पावलाला लागली. सळईला दगड लागला. दुसरी काडी, दगड. तिसरी, दगड. दुपारपर्यंत पंधरा पावलांत एकतीस काड्या झाल्या आणि एकीखालीही दगडाशिवाय काही निघालं नाही. बांध दोनशे पावलांचा होता. सत्यवानाचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"यंत्र बिघडलंय का, हवालदार?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. जमीनच वाजतेय."

साहेब बांधाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी दहापर्यंत वाट बघतो. नाहीतर टोकापर्यंत दारू लावून अख्खा बांध उडवून देऊ. जे काही पुरलं असेल ते त्याच्याबरोबर जाईल."

सुभद्रा उठली. साहेबांसमोर ती शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायला लागली, आणि बोलताना आपलाच आवाज तिला परका वाटला. "साहेब, बांध उडवला तर पुनवेचंच काय, रोजचंही पाणी शेतात येईल. मग वाचवायचं काय राहिलं?"

साहेब चिडले नाहीत. "बाई, तुमचं भात पुढे कधीतरी पुन्हा येईल. पाय येत नाही," एवढं बोलून ते जीपकडे गेले.

सत्यवान माडाच्या सावलीत बसून पाणी पीत होता. सुभद्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हवालदारानू, सातव्या पावलाक तुमचा यंत्र वाजाक नाय. तीन पावलां गप होता. मी बघलंय."

सत्यवानाने तांब्या खाली ठेवला. "थंय काय आसा?"

"थंय निसतो खाडयेचो चिखल. बाकी सगळो जांभो. चिरे नि तांबडी खडी."

त्याने शेजारचं जांभ्याचं ढेकूळ उचललं, हेडफोन एका कानाला लावला आणि ढेकूळ चकतीखाली धरलं. सुभद्रालाही ऐकू आलं, हेडफोनमधून बारीक कण्हल्यासारखा आवाज. ढेकूळ काढलं, आवाज गेला.

"लोखंड," तो म्हणाला. "तुमच्या दगडातच लोखंड आसा." मग ढेकूळ खाली ठेवून म्हणाला, "वयनी, ह्या यंत्राक सुरुंग म्हणजे काय ता ठावक नाय. खाली कायतरी येगळा आसा, इतक्याच तेका कळता. ता काय आसा, ता माका ठरवूचा लागता. माका शिकवल्यानी ता रेतयेत. थंय जमीन गप रवता, सुरुंग तेवडो बोलता."

"मगे हयल्या मातयेत शिका," सुभद्रा म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. चेष्टा करतेय असं तिच्या तोंडावर नव्हतं.

सुभद्राच्या घरामागे तांबड्या मातीचा मोकळा तुकडा होता. तिथे तिने कुदळीने वीस खड्डे घेतले. गावाला सांगितलं तसं लोक घरातलं लोखंड घेऊन आले: कोयते, नांगराचे फाळ, बिजागऱ्या, म्हशीची साखळी, होडीचा गंजलेला नांगर. हौसाबाईने आपला पानाचा डबा दिला. सत्यवानाजवळ सरावासाठी सुरुंगांची तीन पोकळ टरफलं होती, टिनाची, आत दारू नसलेली. तो घराच्या पुढच्या अंगणात पाठ करून बसायचा. सुभद्रा कुठल्या खड्ड्यात काय घालायचं ते ठरवायची, काही रिकामेच बुजवायची, वरून पायाने माती सारखी करायची आणि हाक मारायची. मग तो येऊन चकती फिरवायचा आणि प्रत्येक खड्ड्यावर सांगायचा: सुरुंग, किंवा नाही.

चूक झाली की सुभद्रा खडा टाकायची. साध्या फाळाला तो सुरुंग म्हणाला तर डाव्या हाताला, सुरुंगाला काही नाही म्हणाला तर उजव्या हाताला. पहिल्या फेरीत डावीकडे आठ खडे पडले आणि उजवीकडे दोन. सत्यवान डावीकडे बघतही नव्हता.

"हे दोन म्हणजे दोन पाय," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीत उजवीकडे पुन्हा दोन. तिसऱ्या फेरीत एक. त्यानंतर पुन्हा दोन झाले, आणि त्याने हेडफोन काढून मातीत टाकले. ऊन कलायला लागलं होतं.

"माका आयकाक द्या," सुभद्रा म्हणाली.

त्याने हेडफोन झटकून तिच्या डोक्यावर बसवले आणि दांडा तिच्या हातात दिला. कानांत मडक्यात भुंगा कोंडावा तसा घुमणारा आवाज होता. ती जांभ्यावरून चकती नेऊ लागली. आवाज हळूहळू भरत गेला, घागर भरते तसा, आणि तसाच हळूहळू ओसरला. मग तिने टिनाचं टरफल पुरलेल्या खड्ड्यावरून नेली. आवाज फार मोठा नव्हता, पण तो एकदम उभा राहिला आणि पलीकडे गेल्यावर एकदम पडला, उंबरठ्यावरून पाऊल खाली पडावं तसा. तिने परत परत नेलं. डावीकडून, उजवीकडून. प्रत्येक वेळी तसंच.

"जांभ्याचो आवाज चढता नि उतारता," ती म्हणाली. "डब्याचो आवाज उभो रवता. तेका कडा आसत."

सत्यवानाने यंत्र घेतलं, डोळे मिटले, आणि चकती भरभर आडवी फिरवली. एकदा, दोनदा. "मी मोठो की बारीक इतक्याच आयकत होतंय," तो हळूच म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा पाच फेऱ्या केल्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत उजव्या हाताला एकही खडा पडला नाही. डावीकडे मात्र दर फेरीला एक पडायचाच, आणि तो नेहमी हौसाबाईच्या डब्याचा असायचा. टिन तेच, आकारही तोच.

"माजो पानाचो डबो सुरुंग काय रे?" हौसाबाई म्हणाली.

"आसूंदे आजये. तुज्या डब्याक मी सुरुंगच म्हणतलंय. तेतूर कोणाचा कायव जावचा नाय."

पण बांधावर आणखी एक अडचण होती, आणि ती सत्यवानाच्याच लक्षात आली. चिखल संपून जांभा सुरू होतो तिथेही आवाजाला कड यायची. अशा जागा बांधावर किती होत्या, त्याला माहीत नव्हतं. भिकाजीला माहीत होतं, पण भिकाजी खाटेवर तापाने बरळत होता. त्याच्याखेरीज ते फक्त सुभद्राला ठाऊक होतं. छप्पन सालच्या पावसात बांध फुटला तेव्हा तिने आठ दिवस डोक्यावरून खडीच्या पाट्या वाहिल्या होत्या. कुठे चिरे बसवले, कुठे वेळ नाही म्हणून नुसता चिखल थापला, ते तिच्या मानेला आठवत होतं.

"बाईमाणसाला बांधावर नेता येणार नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, हा बांध त्यांच्या हातचा आहे," सत्यवान म्हणाला. "त्या नसतील तर मला पुन्हा प्रत्येक दगड उकरावा लागेल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाले, "वीस पावलं मागे. त्याच्या पावलावरच पाऊल. तो थांब म्हणाला की थांबायचं."

सुभद्राने लुगड्याचा काष्टा घट्ट केला. हौसाबाई बांधाच्या तोंडाशी बसली आणि खाली मान घालून गवताच्या काड्या मोडत राहिली.

शुक्रवारी दुपारपासून दोघं निघाली. पुढे सत्यवान, मागे सुभद्रा. "हयसून सात पावलां चिखल," ती सांगायची. "आता चिरे लागतले. डाव्या अंगाक खडी आसा, उजव्याक नाय." तो मान हलवायचा, यंत्राचं बटण जरासं फिरवायचा आणि चकती पुढे न्यायचा. वाऱ्याने तिचा पदर फडफडला तरी ती तो सावरायला हात हलवत नव्हती. साठाव्या पावलाला त्याने मूठ वर केली. ती जागच्या जागी थांबली, एक पाय पुढे, एक मागे. त्याने पोटावर झोपून सळई घातली, मग सुरीने माती काढली, मग बोटांनी. पाऊण तास. तेवढा वेळ ती तशीच उभी होती. पिंढऱ्यांत गोळे आले तरी तिने पाय हलवला नाही. शेवटी त्याने टिनाचा एक चपटा सुरुंग बाहेर काढून त्याच्या पोटातली खीळ उपटली आणि तो निकामी सुरुंग मागे जवानांकडे पोचवला. त्याच्या कपाळावरचा घाम मातीत मिसळून तांबडा झाला होता.

दुसरा सुरुंग शनिवारी सकाळी एकशेदहाव्या पावलाला मिळाला. तोपर्यंत खाडीचं पाणी चढायला लागलं होतं. साहेब बांधाच्या तोंडाशी घड्याळ बघत उभे होते. दारूच्या पेट्या जीपमधून खाली उतरवून ठेवलेल्या सुभद्राला लांबूनही दिसत होत्या.

नऊ वाजून गेले तेव्हा मानस दहा पावलांवर आली. पलीकडे, खाडीच्या अंगाला, भिकाजीने फेकलेल्या फळ्या दिसत होत्या. उघड्या दारातून पाणी आत पळत होतं, आणि आतला चर काठोकाठ भरला होता. सत्यवान फळ्यांच्या दिशेने वळला. त्याने चकती फिरवली, एक पाऊल टाकलं, पुन्हा फिरवली. त्याचे खांदे सैल झाले.

"साफ आसा," तो म्हणाला. "हयसर जमीन गप आसा."

त्याने पाय उचलला.

"थांबा," सुभद्रा म्हणाली. ती ओरडली नाही. "हवालदारानू, पाय मागे घेवा."

त्याने पाय मागे घेतला.

"थंय चिखल नाय. मानशीच्या दोनय अंगांक आमी चिरे बसयलेत नि वर खडी चेपलीहा. पाणी खरवडता म्हणान. थंय तुमचा यंत्र वाजाक होया."

सत्यवान हलला नाही. मग त्याने चकती जरा डावीकडे नेली. जांभ्याचं कण्हणं आलं. उजवीकडे नेली. तिथेही आलं. मधे आणली, आणि दोन वितींच्या तुकड्यात जमीन गप्प झाली. कुणीतरी तिथले चिरे उचलले होते, खड्डा घेतला होता आणि खाडीतला चिखल भरून वर खडीचा पातळ थर पसरला होता.

तो पोटावर झोपला. सळई आत गेली आणि कशाला तरी मऊसर टेकली. त्याने सुरीने चिखल बाजूला केला.

"लाकूड," तो म्हणाला. "ह्या तुमचा?"

"नाय. आमच्या मानशीचा लाकूड काळा. ह्या पांढरा आसा."

"मगे ही सुरुंगाची पेटी. लोखंड नावाक पुरता आसात, एकादी खीळ." त्याने त्या पांढऱ्या कोपऱ्याभोवतीचा चिखल बोटांनी काढला. ओलीने झाकण फुगून बसलं होतं, ते उघडण्यासारखं नव्हतं. त्याने दोरीचा आकडा पेटीच्या कडेला अडकवला आणि गुडघ्यांवर मागे सरकत आला. "वयनी, दोरी ओढतलंव. हयसरच उडाली तर मानस जातली. माका दुसरी वाट दिसना नाय."

सुभद्राने पाण्याकडे बघितलं. चर भरून सखल कुणग्यांत, शेताच्या खालच्या तुकड्यांत, पाणी उतरायला लागलं होतं.

"ओढा," ती म्हणाली.

दोघं दोरी सोडत चाळीस पावलं मागे आली आणि बांधाच्या आतल्या उतारावर पालथी पडली. सत्यवानाने दोरी हळूहळू ताणली. ती ताठ झाली, थांबली, आणि मग एकदम सैल आली. पेटी सुटली होती. तिने डोकं वर काढलं नाही, पण पेटी खाडीकडच्या उतारावरून खडखडत खाली जात असलेली तिला ऐकू आली. मग आवाज झाला. खाडीचा चिखल उंच उडाला आणि दोघांच्या पाठींवर पडला. कानांत बराच वेळ काहीच नव्हतं.

ती उठली तेव्हा मानशीचे दोन्ही खांब उभे होते. बांधाच्या बाहेरच्या अंगाचा एक लचका गेला होता, आणि फळ्यांपैकी एक उभी चिरली होती. सत्यवानाने पुढे होऊन फळ्यांपर्यंतची जमीन पुन्हा तपासली. ते पंधरा मिनिटांचं काम सुभद्राला अर्ध्या दिवसाचं वाटलं. मग दोघांनी एकेक फळी खाचेत सोडली. चिरलेली फळी वरती ठेवली, आणि तिच्या फटीतून येणारं पाणी सुभद्रा दोन्ही हातांनी चिखल थापून अडवत राहिली. भरती टिपेला आली तेव्हा पाणी शेवटच्या फळीच्या चार बोटं खाली होतं. ते तिथेच थांबलं आणि मग उतरायला लागलं.

सखल भागातले नऊ कुणगे खाऱ्यात गेले. उरलेलं खाजण वाचलं.

दुपारी साहेब कागद घेऊन बसले. "तिसरा यंत्राने कसा दाखवला, हवालदार? त्यात धातू जवळजवळ नव्हताच."

"यंत्राने दाखवला नाही साहेब. यंत्र गप्प होतं. तिथे गप्प राहायला नको होतं, हे या बाईंना माहीत होतं."

साहेबांनी लेखणी थांबवली, सुभद्राकडे बघितलं आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. ते त्यांनी लिहून घेतलं. पुढे त्या कागदाचं काय झालं, ते गावाला कधी कळलं नाही.

संध्याकाळी जीप निघाली. खाडीच्या वरच्या अंगाला आणखी दोन गावांतून बोलावणं आलं होतं. सत्यवानाने जांभ्याची चार ढेकळं पोत्यात घालून जीपमध्ये ठेवली. "थयसर जमीन कशी आसा, वयनी?" त्याने विचारलं.

"माका ठावक नाय," ती म्हणाली. "थयल्या बायकांक विचारा."

ती घरी आली, भात रांधला, हौसाबाईला वाढलं, आणि झोपली. काही झालं नाही. सोमवारी सकाळी मात्र खोबरं किसताना तिचा हात अचानक थरथरायला लागला आणि थांबेना. ती किसणी बाजूला सारून भिंतीला टेकून बसली. हौसाबाई चुलीजवळून उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. दोघी बराच वेळ तशाच बसून होत्या. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी कोणी उठलं नाही.